पायलटाच्या घरातली विद्युत सखी

तुये, पेडणे.
काजूचा हंगाम सरता सरता.

तीर्थरूप सौ. ताई,

तुझ्या गुडघ्यांना आधी नमस्कार आणि मग तुला. (पायांवर डोके ठेवायचे तर वाटेत गुडघे येतातच, आणि सध्या तुझ्यापेक्षा त्यांचाच मान जास्त, असे तुझ्या बोलण्यावरून दिसते.) भावजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सुखरूप झाले हे ऐकून देवापुढे नारळ ठेवला. त्यांना आता सगळे लख्ख दिसते म्हणतेस, तर माळ्यावरची जळमटे लगेच काढून घे, एवढीच धाकट्या बहिणीची सूचना. इकडे आम्ही जिवंत आहोत. खुशाल आहोत असे लिहिणार होते, पण शाळेत जन्मभर मुलांना खरे लिहायला शिकवले, आता या वयात हात वळत नाही.

फोन सोडून पत्र का, असे तुझ्या मनात आले असेल. फोनवर बोलायचे तर आमचे हे घरात असतात. (घरात का असतात, ते पुढे येईल.) दारापुढच्या बाल्कांवातल्या सोप्यावर बसून पेपर वाचत असल्याचे दाखवतात आणि कान माझ्याकडे ठेवतात. बाहेर जाऊन बोलावे तर अख्खे तुये ऐकते. शिवाय एवढे दुःख फोनवर मावणार नाही, मध्येच रेंज जाते आणि पुन्हा पहिल्यापासून रडावे लागते.

तर ऐक. दिवाळीनंतर मी शाळेतून निवृत्त झाले ते तुला ठाऊक आहेच. सत्काराची शाल अजून घडीतून निघाली नव्हती, तोच विद्युत वाहन प्रसार समितीचे समन्वयक, सर्वेश नावाचे फार गोड बोलणारे गृहस्थ, घरी आले. सगळे गोवा राज्य विजेच्या गाड्यांवर चालले पाहिजे, असा त्यांच्या समितीचा निश्चय. राज्याचे त्यांनी तुकडे पाडले होते आणि त्यातले पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके माझ्या पदरात टाकायचे त्यांनी ठरवले होते. कारण काय, तर या दोन तालुक्यांत अर्धी माणसे माझ्या हाताखालून शिकून गेलेली, बाईंना नाही म्हणायची कुणाची छाती होणार नाही. (ताई, मुले पाढे म्हणताना घाबरतात. तीच मुले चाळिशीची झाली की बाईंना घाबरत नाहीत, फक्त बाई दिसल्या की रस्ता बदलतात. हे सर्वेशना कुणी सांगितले नव्हते.) मला त्यांनी ‘विद्युत सखी’ अशी पदवी दिली, एक हिरवा पट्टा, गळ्यात अडकवायचा एक भोंगा आणि पोपटी रंगाची एक विजेची स्कूटर. पहिल्या तीन गोष्टी मी परत केल्या असत्या. पण स्कूटरवरून माझे मन उठेना.

त्याचे कारण तुला सांगते, तुलाच कळेल. पायलटाची (विमानाच्या नव्हे, भाड्याच्या मोटरसायकलच्या) बायको म्हणून मी सगळा संसार बसथांब्यावर उभी राहून काढला. पेडण्याच्या बाजारात ह्यांची ती पिवळ्या मडगार्डाची मोटरसायकल, मागच्या सीटवर कायम भाड्याचे माणूस. मी हातात पिशव्या घेऊन उभी असले की हे समोरून जायचे, हात करायचे आणि मागे बसलेला तो कोण परका मनुष्य, तोही मला हात करायचा! लोकांना वाटते नवऱ्याची गाडी आहे तर बायको मजेत फिरत असेल. अगो, हलवायाच्या घरात कोणी जिलेबी खाते का? म्हणून ती पोपटी स्कूटर दारात उभी राहिली तेव्हा मला आमची लेक गौरवी जन्मली तेव्हासारखे झाले. मी तिच्या सीटवरून हात फिरवला. ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, “गो कमल, ही गाडी काय मांजर? आवाजच नाय हिका.” आणि मग, “माज्या गाडयेच्या बाजूक लावू नको. ती बिचारी बिथरतली.”

त्या दिवसापासून आमच्या अंगणाचे दोन भाग झाले. जांभळाखाली पेट्रोल, विहिरीकडे वीज.

प्रचाराची सुरुवात मी लाटंबार्श्यात केली. मोक्याचा दिवस निवडला होता, काजूच्या बागांत सगळे गाव एकत्र भेटते. पण गाडीला आवाज नाही याचा एक तोटा मला आधी कोणी सांगितला नव्हता. आपण येतो आहोत हे लोकांना कळतच नाही, त्यामुळे ते आपल्याविषयी बोलत राहतात. बोंडू वेचणाऱ्या बायकांच्या मागे मी जाऊन थांबले तेव्हा एक दुसरीला सांगत होती, “बाई निवृत्त झाल्या तेव्हापासून डोक्यावर परिणाम झाला, हिरवा पट्टा घालून फिरतात.” मी भोंग्यातूनच “नमस्कार” म्हटले. दोघींची बोंडे भरलेली टोपली उलटली. त्यानंतर मी फार मनापासून भाषण केले. धूर, हवा, आपली नातवंडे, सगळे सांगितले. मग एका आजोबांनी विचारले की ओले धोतर घालून हिच्यावर बसले तर शॉक लागतो का. आणि दुसऱ्याने विचारले की दसऱ्याला पूजा करायची तर हळदकुंकू लावायला हिचे इंजिन कुठे आहे. लागलीच सगळ्यांनी एकेक फेरी मारून बघतो म्हटले. मला आनंद झाला. पोरे, थोर, एका भटजींनी तर सोवळ्यात फेरी मारली. फेऱ्या संपल्या तेव्हा गाडीही संपली. चार्ज करायला म्हणून पंचायतीत नेली, तर लाईट गेली होती. कधी येईल विचारले तर म्हणाले, गेली आहे म्हणजे येईलच.

मला त्याच दुपारी नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाजवळ दुसरे भाषण होते. शेवटी बोंडांचा रस घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोत मला आणि स्कूटरला चढवले. प्रत्येक वळणावर पिंपातला रस हिंदकळून माझ्यावर. नार्व्यात उतरले तेव्हा माझ्या अंगाला हुर्राकाच्या दारूभट्टीसारखा वास, पदराला डाग, आणि हातात भोंगा. मी तोंड उघडून “बंधुभगिनींनो” म्हणेपर्यंत पुढच्या रांगेतल्या बायका उठून दीपमाळेकडे सरकल्या. ताई, ज्या बाईने जन्मात सोलकढीपेक्षा कडक काही प्यायले नाही, तिच्याविषयी त्या संध्याकाळी नार्व्यात काय ठरले असेल? देवळातल्या प्लगवर गाडी थोडी चार्ज झाली, तेव्हा येताना फेरीबोटीने दिवाडीवरून फिरून येऊ म्हटले (नार्व्यातल्या कुणाचे तोंड पुन्हा बघायचे नव्हते), तर बोटीतली माणसे पोपटी गाडीकडे बघून एका कडेला गोळा झाली. विजेची गाडी नदीत पडली तर सगळे पाणी करंट मारेल, अशी त्यांची समजूत. बोट कलली. चालवणाऱ्याने मला पैलतीरी पोचेपर्यंत मध्ये उभे राहायला लावले.

घरी आले तर ह्यांनी माझ्याकडे बघितले, वास घेतला. आंघोळीचे पाणी तापवून ठेवले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी ह्यांच्याविषयी बरेच वाईट लिहिणार आहे.

पेडण्यात समितीने चार्जिंगचा खांब बसवला. उद्‌घाटनाला फीत, पेढे, सगळे झाले. पुढच्या आठवड्यात बघायला गेले तर खांबाला मासळीवाल्या बाईच्या फ्रीजची वायर लावलेली. मी म्हटले हे गाड्यांसाठी आहे. तर ती म्हणाली, “बाई, गाडी कोण आणता? बांगडे तर रोज येतत.” तिने मला दोन बांगडे दिले आणि मी ते घेतले.

आता ह्या सगळ्या अंधारात एक दिवा लागला. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत निवृत्ती म्हणून कामगार आहे, गडहिंग्लजकडचा. माझे भाषण त्याने शेवटपर्यंत ऐकले (कारखान्याचे फाटक अजून उघडले नव्हते म्हणून असेल, पण ऐकले खरे). दुसऱ्या दिवशी बायकोला, कुसुमला, घेऊन घरी आला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही सांगताय म्हणजे घेतोच बघा.” आणि खरोखर घेतली! मी सर्वेशना फोन केला, त्यांनी मला टाळ्या वाजवून ऐकवल्या. पण निवृत्तीच्या घरमालकाने, बाबली त्याचे नाव, खोलीतल्या प्लगवर गाडी लावायला साफ मनाई केली. निवृत्तीचा चेहरा एवढा झाला. मी म्हटले, माझ्याकडे लाव रे. हे वाक्य बोलायला मला एक क्षण लागला आणि त्याचे फळ आम्ही अजून भोगतो आहोत. कारण निवृत्तीला बघून त्याच्या खात्यातल्या आणखी काहींनी गाड्या घेतल्या, आणि त्या सगळ्यांचा घरमालक बाबलीच निघाला.

रोज संध्याकाळी पाळी सुटली की आमच्या अंगणात पोपटी, निळ्या, पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या. खिडकीतून वायरी, दारातून वायरी, तुळशीला वळसा घालून एक वायर. माणसेही थांबत, मग त्यांना चहा, चहाबरोबर पोदेराकडचे पाव. कुसुम माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला लागली. तुला सांगते, शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच घर भरल्यासारखे वाटत होते. पण एका संध्याकाळी मोठ्ठा आवाज झाला, मीटरच्या पेटीतून धूर आला आणि आमच्या बाजूचे सगळे वाडे काळोखात गेले. धुराविरुद्ध प्रचार करणाऱ्या बाईच्या घरातून निघालेला तो धूर सगळ्या तुयेने पाहिला. हे घरी आले तेव्हा जांभळाखाली त्यांच्या मोटरसायकलच्या जागेवर एक निळी स्कूटर होती. आपली गाडी रस्त्यावर फणसाला टेकून ठेवली आणि न जेवता झोपले.

मागाहून कळले की थांब्यावरचे बाकीचे पायलटही ह्यांच्याशी बोलत नव्हते. घरातूनच आमच्या पोटावर पाय येतो, असे म्हणत. भाडे आले की ह्यांना वगळून दुसऱ्याला पुढे करत. ह्यांनी त्यातले एक अक्षर मला सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “तुजा काम तू कर. माका काय सांगू नको, मी तुका काय सांगणंय नाय.” एका घरात दोन माणसे अशी राहिली की दोघांच्या जेवणाचे आवाज ऐकू येत.

मग आली ती फेरी. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत विजेच्या गाड्यांची भव्य फेरी, पुढे अबोलीच्या माळांनी सजवलेली विजेची रिक्षा, तिच्यात देशाच्या राजधानीहून आलेले प्रमुख पाहुणे. पाहुणे मोठे होते, आणि मी हे पदाविषयी बोलत नाही. त्यांच्या पायाशी दोन मोठे कर्णे, त्यांवर माझेच भाषण ध्वनिमुद्रित करून लावलेले. कर्णे त्याच रिक्षेच्या बॅटरीवर चालतात हे ना सर्वेशना सुचले ना मला. अस्नोडा मागे पडले, चढ सुरू झाला. पाहुणे दोन्ही बाजूंना हात हलवत होते, बाजूला खरे तर नुसती झाडे होती. कर्ण्यातून मी म्हणत होते, “ही गाडी तुम्हाला कधीही वाटेत सोडणार ना—” आणि तिथे आवाज घोगरा झाला, मग पुरुषी झाला, मग बंद पडला. रिक्षाही थांबली. नुसती थांबली नाही, हळूच मागे यायला लागली. निवृत्तीने धावत जाऊन चाकाखाली दगड लावला म्हणून, नाहीतर पाहुणे पुन्हा अस्नोड्यात गेले असते.

ऊन असे की डांबर चपलेला लागत होते. डिचोलीच्या सभागृहात माणसे बसून राहिलेली, पाहुण्यांना संध्याकाळी मोपाहून विमान. दुसऱ्या गाड्यांवर बसवून बघितले, चढावर त्या पाहुण्यांना घेऊन पुढे जाईनात. सर्वेश फोनवर फोन करत होते. मी पट्ट्याने घाम पुसत होते. आणि मागून, ताई, तो आवाज आला. डुग डुग डुग. जन्मभर ज्या आवाजावर मी भाताखालचा विस्तव कमी केला, तो आवाज मी हजारात ओळखीन. पिवळे मडगार्ड. हे शांतपणे आले, पाहुण्यांसमोर गाडी उभी केली, सीट रुमालाने पुसली आणि म्हणाले, “बसा, साहेब. पायलटाक पेट्रोल लागता, पण पायलट पोचयता.”

मला ब्रह्मांड आठवले. सगळ्यांच्या देखत मी ओरडले, “तुम्ही इथे कसे? माझी फजिती बघायला मागे लागलात ना?” हे म्हणाले, “डिचोलीचा भाडा होता.” मागे भाडे कुठे होते? मागच्या सीटला दोरीने बांधलेली माझी पाण्याची बाटली होती. सकाळच्या गडबडीत मी ती ओट्यावर विसरले होते, आणि बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत माझी रक्तदाबाची गोळी. ती दोन्ही ह्यांनी सोडून माझ्या हातात दिली, पाहुण्यांना बसवले आणि चढ चढून गेले. त्या चढावर त्या गाडीने जो धूर सोडला, तेवढा तिने जन्मात सोडला नसेल. मी धुरात बाटली धरून उभी. पाणी गार होते. ते मला पिववेना.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. वर कमान, कमानीवर ‘धूरमुक्त गोवा’, खाली पेट्रोलच्या मोटरसायकलवरून उतरणारे पाहुणे, आणि ओळ अशी की विद्युत सखींचे यजमान बाबाजी यांनी कार्यक्रमाची लाज राखली. थांब्यावर पायलटांनी ह्यांना खांद्यावर घेतले, हार घातला. हार घेऊन हे घरी आले, कुठे ठेवावा कळेना, म्हणून माझ्या स्कूटरच्या आरशाला अडकवला आणि आत गेले. मी राजीनामा लिहून सर्वेशना दिला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले की बाई, विजेच्या गाड्यांविषयी एवढी चर्चा राज्यात आजवर कधी झाली नव्हती, समिती खूश आहे. आणि मला सत्तरी तालुकाही दिला. आता मी तीन तालुक्यांत अपयशी ठरणार आहे. दोन तालुक्यांतल्या गाड्या मोजायला एका अंगणाचे विहिरीकडचे टोक पुरते, आणि त्यातल्याही अर्ध्या मालकांना मी रोज चहा पाजते. हवा तेवढीच काळी, ऊन दरवर्षी जास्त, आणि मी हिरवा पट्टा घालून त्यात फिरते. लोक म्हणतात बाई चांगले काम करतात, आणि पेट्रोल भरायला निघून जातात. कधी वाटते, सगळी चूक भोंग्याची. कधी वाटते, खरे बोलायला भोंगा लागावा इथेच काहीतरी चुकले.

असो. तुला उगाच त्रास दिला. गुडघ्यांना तीळतेल लाव. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि माझे मन आहे तसेच राहू दे, त्यावर औषध सांगू नकोस.

तुझी,
कमल

ता. क. — खरे तर ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलेच. पाहुण्यांना घेऊन तो चढ चढल्यापासून ह्यांची मोटरसायकल बंद पडली आहे. म्हापशाच्या मेकॅनिकने उघडून बघितली, पिस्टन धरला म्हणाला, आणि ह्या जुन्या गाडीचे सामान आता येत नाही असे सांगून परत बंद केली. हे रोज सकाळी आंघोळ करून, पायलटाचा शर्ट घालून सोप्यावर बसतात. गाडीकडे बघत नाहीत, आणि तेच मला बघवत नाही. तुझा योगेश बेळगावात जुन्या गाड्या दुरुस्त करतो. त्याला म्हणावे, मावशीसाठी कुठूनही पिस्टन आणि रिंगा शोध. मिळाले की जुन्या लुगड्यात गुंडाळ, वर कुंद्याचा डबा ठेव आणि पेडण्याच्या बसमधून माझ्या नावाने पाठव. विद्युत सखीने पेट्रोलच्या गाडीचे सामान मागवले हे समितीला कळता कामा नये. आणि ह्यांना तर मुळीच नाही. योगेशनेच आपणहून पाठवले, असे आपण सांगू.

दुसरी ता. क. — पत्र काल टाकायचे होते, पण टाकायला जायला अंगणात स्कूटर नव्हती. मला वाटले चोरीला गेली. मग कुसुम धावत सांगत आली की काका पेडण्याच्या थांब्यावर आहेत, पोपटी गाडीवर, मागे भाड्याचे माणूस बसलेले. तो माणूस म्हणत होता, “पायलट, सुरू कर ना गाडी,” आणि हे त्याला म्हणाले, “सुरूच आसा रे. तूच आवाज जरा कमी कर.” घरी आल्यावर मी विचारले तर म्हणाले, तुजा ब्रेक नीट लागत नव्हता, तपासूक नेली होती. आज पहाटे परत तपासायला नेली आहे. तिला भाड्याच्या गाडीचा नंबर नाही, पोलिसांनी धरले तर पुन्हा पेपरात माझेच नाव. म्हणून योगेशला म्हणावे, पिस्टन घाईने शोध, कुंदा मागाहून आला तरी चालेल. इतक्या भाषणांनंतर माझ्या बोलण्याने मनापासून पटलेला एकच माणूस निघाला, तो माझीच गाडी घेऊन गेला, आणि मी हे पत्र टाकायला उन्हातून चालत निघाले आहे.